दुसऱ्या ओळीतलं तिसरं चित्र

संगणकाने मला विचारलं होतं. हे आधीच कबूल करते, कारण नंतर कितीतरी वर्षं मी घरात "त्याने विचारलंच नाही" असं सांगत आले. पडद्याच्या मधोमध चौकट आली होती, हा ग्रुप काढून टाकायचा याची खात्री आहे ना असा प्रश्न होता, खाली 'येस' आणि 'नो' अशी दोन बटणं होती. मी 'येस' दाबलं. एकदा नाही, तीनदा.

साल १९९६. मी बारा वर्षांची. मामाकडचा संगणक तेव्हाच म्हातारा झाला होता. ४८६ प्रोसेसर, ४ एमबी मेमरी आणि त्यावर विंडोज ३.१. विंडोज ९५ बाजारात येऊन वर्ष होत आलं होतं, पण मामा त्याच्या वाटेला गेला नाही. ४ एमबी ही विंडोज ९५ ची किमान अट होती आणि किमान अटीवर कुठलीही गोष्ट चालत नाही, रांगते, असं त्याचं मत. ते चुकीचं नव्हतं.

ज्यांनी विंडोज ३.१ पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. त्यात आजच्यासारखा डेस्कटॉप नव्हता, स्टार्टचं बटण नव्हतं. विंडोज सुरू झालं की प्रोग्रॅम मॅनेजर नावाची एक मोठी खिडकी उघडायची. तिच्या पोटात लहान लहान खिडक्या, त्या प्रत्येकीला म्हणायचं ग्रुप. मेन, अ‍ॅक्सेसरीज, गेम्स, स्टार्टअप. ग्रुपमध्ये आयकॉन. बस्स. ग्रुपच्या आत ग्रुप करता यायचा नाही, एका ग्रुपमध्ये पन्नासच्या वर आयकॉन मावायचे नाहीत. घरातल्या मांडणीवरच्या डब्यांइतकं सरळ काम. न वापरलेला ग्रुप मिटवून ठेवला की खिडकीच्या तळाशी त्याचं एवढंसं चित्र दिसायचं. सगळ्या मिटलेल्या ग्रुपचं चित्र एकच, फरक फक्त खालच्या नावाचा.

आणि इथेच एक खोच होती. ग्रुप उघडा असताना डिलीट दाबलं तर आतला निवडलेला एक आयकॉन जायचा. ग्रुप मिटलेला असताना तेच बटण दाबलं तर अख्खा ग्रुप जायचा, पोटातल्या सगळ्या आयकॉनसकट. बटण एकच. आणि 'अनडू' नावाची सोय प्रोग्रॅम मॅनेजरमध्ये औषधालाही नव्हती.

मला हवी होती फक्त सॉलिटेअर आणि माइनस्वीपर. म्हणजे गेम्स हा ग्रुप. बाकीची ती तळाशी पडलेली चित्रं मला पसारा वाटली. डिलीट म्हणजे 'माझ्या समोरून हलव' अशी माझी समजूत. मी आवराआवर करत होते, यावर आजही ठाम आहे. पहिल्यांदा गेला 'खाते' नावाचा ग्रुप. ते नाव अर्थातच रोमन अक्षरांत होतं, त्या यंत्राला मराठी ठाऊक नव्हतं. मग अ‍ॅक्सेसरीज. मग मेन. पडदा छान मोकळा झाला. मी तासभर पत्ते खेळले.

घाम फुटला तो नंतर. खेळ बंद केला आणि सहज मामाचा हिशेब कुठे दिसतो का म्हणून पाहिलं, तर पडद्यावर गेम्स, स्टार्टअप आणि पांढरा रिकामा माळ. मग मी ते केलं जे अशा वेळी कुणीही करू नये आणि सगळेच करतात, ते म्हणजे दुरुस्ती. फाइल मेनूत जाऊन 'न्यू' दाबलं, नवा ग्रुप केला, त्याला नाव दिलं 'मेन'. तो रिकामाच उघडला. मग 'खाते' केला. तोही रिकामा. संगणक बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मधल्या काळात आतलं सामान आपोआप परत येऊन बसेल अशी माझी आशा होती बहुतेक.

संध्याकाळी मामा आला. मी काहीच बोलले नाही. तो खुर्चीत बसला, पडदा पाहिला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे केल्यावर अजून काय काय केलंस गं?"

"काय केलंस" नाही. "हे केल्यावर अजून काय काय केलंस". त्या प्रश्नातलं शहाणपण मला खूप उशिरा कळलं. आता माझ्याकडे कुणी घाबरत फोन केला की मीही पहिला प्रश्न हाच विचारते.

मी सांगितलं सगळं. त्याने फाइल मेनूतून 'रन' उघडलं आणि 'विनफाइल' असं टाइप केलं. फाइल मॅनेजर उघडला. त्याचा आयकॉन मेन ग्रुपमध्ये होता, आयकॉन गेला, म्हणजे फाइल मॅनेजर गेला, अशी माझी पक्की खात्री होती. तो तर समोर उघडला होता. मामाने विंडोजच्या फोल्डरमध्ये बोट ठेवून एकेक दाखवलं. हा राईट, हा कॅल्क्युलेटर, हा कंट्रोल पॅनेल. मग मुळापाशी जाऊन त्याच्या हिशेबाचं फोल्डर दाखवलं. सगळं जागच्या जागी.

"धडे आहेत," तो म्हणाला. "तू अनुक्रमणिका फाडलीस."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. वाटलं, मग झालंच की. मामाच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही दिसेना. तो विंडोजमधून बाहेर पडला आणि काळ्या पडद्यावर आला.

त्या काळ्या पडद्यावर पुढची दहा मिनिटं जे झालं त्यानेच मला संगणकाची गोडी लावली, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रोग्रॅम मॅनेजर प्रत्येक ग्रुपची एक फाइल ठेवायचा, नावाच्या शेवटी 'जीआरपी'. ग्रुप काढून टाकला की ती फाइलही पुसली जायची. पण डॉस, म्हणजे विंडोज ज्याच्यावर उभं असायचं ती खालची मूळ प्रणाली, फाइल पुसतो म्हणजे काय करतो? जवळजवळ काहीच नाही. डिस्कवरच्या यादीत त्या फाइलच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर बदलून तिथे एक ठरलेली खूण ठेवतो, सोळा अंकांच्या मोजणीतला (हेक्साडेसिमल) 'ई५' हा आकडा. आणि फाइलने अडवलेली जागा 'रिकामी' म्हणून दुसऱ्या तक्त्यात नोंदवतो. नावाची उरलेली अक्षरं तशीच असतात. तारीख, वेळ, आकार, फाइल कुठून सुरू होत होती तो पत्ता, सगळं तसंच. आतला मजकूरही जागेवर असतो, दुसरं कुणी येऊन तिथे बसेपर्यंत. १९९१ च्या डॉस ५.० पासून 'अनडिलीट' नावाची आज्ञा मिळायला लागली होती. ती एवढंच करायची की खूण असलेल्या नोंदी शोधायच्या, जागा अजून मोकळी आहे का पाहायचं, आणि असेल तर विचारायचं, पहिलं अक्षर कोणतं होतं?

कारण तेवढं एकच तिला ठाऊक नसायचं.

पडद्यावर आलेली पहिली ओळ होती प्रश्नचिन्ह आणि पुढे 'सीसीईएसएसओआर'. मामाने 'ए' दाबलं. फाइल परत आली. अ‍ॅक्सेसरीज! मी टाळी वाजवणार होते. दुसरी ओळ, प्रश्नचिन्ह आणि 'एआयएन'. इथे अक्षर विचारलंच गेलं नाही. ती जागा दुसऱ्या फाइलने घेतली आहे, परत मिळणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी आलं. तिसरी ओळ आली तेव्हा मामा हसला आणि मला बोलावून म्हणाला, "वाच."

'खाते'मधलं 'के' गेलं की रोमन लिपीत उरतं ते 'एचएटीई'. हेट. प्रश्नचिन्ह आणि हेट. आणि खाली तोच निरोप, जागा गेली, मिळणार नाही. जागा घेणारी दुसरी फाइल कोणती असेल हे आता मला सांगायची गरज नव्हती. मी दुपारी मोठ्या मायेने तयार केलेले दोन रिकामे ग्रुप. ज्यांची आठवण म्हणून केले, बसले त्यांच्याच जागेवर.

पुन्हा विंडोज. 'रन'मध्ये मामाने 'सेटअप', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'पी' असं टाइप केलं. ही आज्ञा किती जणांना ठाऊक होती कोण जाणे, पण विंडोज ३.१ वापरणाऱ्याने ती कुठेतरी लिहून ठेवावी अशीच होती. ती चालवली की विंडोज आपल्या स्वतःच्या ग्रुपची मांडणी पुन्हा करायचं. मेन, अ‍ॅक्सेसरीज, गेम्स, स्टार्टअप, कारखान्यातून आल्यासारखे. दोन मिनिटांत फाइल मॅनेजर, कंट्रोल पॅनेल, प्रिंट मॅनेजर आपापल्या जागी येऊन बसले. म्हणजे अनडिलीटने एवढ्या कष्टाने जो एकच ग्रुप वाचवला होता, तो या आज्ञेने असाही परत मिळणारच होता. आणि जो मिळणार नव्हता तो दोन्हीकडून मिळाला नाही. विंडोजला 'खाते' माहीतच नव्हतं. ते मामाने केलेलं.

सेटअपच्या आतच आणखी एक सोय होती. डिस्क धुंडाळून ओळखीचे प्रोग्रॅम सापडले की त्यांचे आयकॉन ती 'अ‍ॅप्लिकेशन्स' नावाच्या ग्रुपमध्ये टाकून द्यायची. मामाने ते करून पाहिलं. एक-दोन सापडले. त्याचा हिशेबाचा प्रोग्रॅम त्या यादीत नव्हता. कुणीतरी त्याच्यासाठी डॉसवर लिहून दिलेला, त्याला जगात ओळखणारं दुसरं कोण असणार?

मग हाताने करायचं ठरलं, आणि इथे आमची जोडी जमली.

'खाते'मध्ये सात आयकॉन होते. मामाला त्यातल्या प्रत्येकाचा पत्ता ठाऊक होता. कोणता प्रोग्रॅम, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने. पण चित्र कोणतं होतं आणि कुठे होतं, हे विचारलं की तो गडबडायचा. "अगं, हात आपोआप जायचा तिकडे." मला एकाही प्रोग्रॅमचं नाव धड माहीत नव्हतं, पण त्याच्या पाठीमागे उभं राहून मी तो पडदा इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटले की दिसायचा. वर चार, खाली तीन. वरच्या ओळीत आधी कॅल्क्युलेटर, मग पत्रं लिहायचा राईट. मला जागा आठवत होत्या, मामाला पत्ते. त्याने टाइप करायचं, मी सांगायचं कुठे ठेवायचं.

नवीन आयकॉन करताना एक लहानसा फॉर्म भरावा लागायचा. वर नाव, त्याखाली कमांड लाइन म्हणजे कुठला प्रोग्रॅम चालवायचा ते, त्याखाली वर्किंग डिरेक्टरी, मग शॉर्टकट की. आयकॉन बदलायचं बटण बाजूला. वर्किंग डिरेक्टरीचा रकाना बहुतेक लोक कोराच सोडायचे. आम्हीही सोडला. हिशेबाचा पहिला आयकॉन तयार झाला, मामाने त्यावर दोनदा क्लिक केलं, प्रोग्रॅम उघडला. मी खूश. मामाने खात्यांची यादी मागवली.

यादी कोरी. एकही खातं नाही.

त्या दिवशी मामाला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. तो काही बोलला नाही, नुसता पडद्याकडे बघत बसला. मी हळूच मागे सरकले. मग एकदम त्याने कपाळावर हात मारला आणि तो कोरा रकाना भरला.

गोष्ट अशी होती की प्रोग्रॅम एकच, पण मामा दर वर्षाचा हिशेब वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. ९४ चा एक, ९५ चा एक, ९६ चा एक. प्रोग्रॅम स्वतः कुठलंच वर्ष ओळखत नव्हता. तो ज्या फोल्डरमध्ये उभा राहील तिथली खाती उघडायचा, आणि तिथे काही नसेल तर निमूटपणे कोरी वही काढून बसायचा. म्हणून 'खाते'मध्ये त्याचे तीन आयकॉन होते. तिघांची कमांड लाइन अक्षर न अक्षर सारखी. फरक फक्त वर्किंग डिरेक्टरीत. तीन चित्रं म्हणजे तीन प्रोग्रॅम नव्हते, एकाच माणसाला सांगितलेल्या उभं राहायच्या तीन जागा होत्या. अनुक्रमणिका फाडली, धडे शाबूत आहेत, हे मामाचं म्हणणं पूर्ण खरं नव्हतं तर. काही गोष्टी फक्त अनुक्रमणिकेतच लिहिलेल्या होत्या. हे 'फक्त अनुक्रमणिकेत' असलेलं सगळीकडे असतं, आणि ते आहे हे ती फाटल्यावरच कळतं.

रकाना भरल्यावर खाती आली. ९४, मग ९५, मग ९६. मामाने प्रत्येक उघडून शेवटची नोंद पाहिली, तेव्हा कुठे तो खुर्चीत मागे टेकला.

उरली चित्रं. आयकॉन म्हणजे बत्तीस गुणिले बत्तीस ठिपके, सगळे मिळून १०२४, आणि रंग सोळा. एवढ्या जागेत ओळखू येईल असं काही काढायचं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. विंडोज ३.० च्या कितीतरी आयकॉनचं आणि सॉलिटेअरच्या पत्त्यांचं चित्रकाम सुझन केअर यांचं, हे मला पुष्कळ नंतर समजलं. म्हणजे त्या दुपारी मी त्यांच्याच पत्त्यांत रमले होते. डॉसच्या प्रोग्रॅमना स्वतःचं चित्र नसायचं, त्यांच्यासाठी विंडोज ३.१ मध्ये 'मोरिकॉन्स' नावाच्या एका फाइलमध्ये चित्रांचा साठा दिलेला होता. मामाने त्यातून तीन वर्षांना तीन चित्रं दिली होती. आम्ही तो साठा आडवा सरकवत सरकवत पाहत बसलो. पिवळसर होतं ते सापडलं. ज्यात नेमकं काय काढलंय ते मला कधीच कळलं नव्हतं, तेही सापडलं. तिसरं लाल.

"हे ९६ चं," मी म्हटलं. "दुसऱ्या ओळीत, तिसरं. शेवटी."

"नक्की?"

"नक्की. शप्पथ."

मामा क्षणभर थांबला. मग त्याने ते लाल चित्र ओढून खालच्या ओळीत शेवटी नेऊन ठेवलं. 'ऑटो अरेंज' ही सोय तो बंदच ठेवायचा, माझं मी लावीन म्हणायचा. शिफ्टचं बटण दाबून धरत फाइल मेनूतून 'एक्झिट'वर क्लिक केलं की बाहेर न पडता सगळी मांडणी जशीच्या तशी जतन व्हायची, तेही त्याने मला त्याच दिवशी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणक लावला तर फाइल मेनूतलं 'डिलीट' फिकट पडलेलं. ग्रुपवर जाऊन दाबलं तरी काही होईना. प्रोग्रॅम मॅनेजरची एक साधी मजकुराची फाइल असायची, 'प्रॉगमॅन' नावाची, शेवटी 'आयएनआय'. तिच्यात 'रिस्ट्रिक्शन्स' असं शीर्षक घालून खाली 'एडिटलेव्हल' बरोबर १ लिहिलं की ग्रुप करणं, काढणं, नाव बदलणं सगळं बंद. चारपर्यंत आकडे होते, चारवर तर आयकॉनची कुठलीच माहिती बदलता यायची नाही. मामाने मला एकवर ठेवलं होतं. हे सगळं मला कसं माहीत? कारण ती फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली आणि १ चं ० केलं. कुलपाच्या शेजारीच किल्ली टांगलेली, असा त्या काळाचा कारभार. मामाच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. पण मी त्यानंतर तिथे काहीही काढून टाकलं नाही.

त्याने आणखी एक केलं. सगळ्या जीआरपी फाइली आणि ती आयएनआय एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर उतरवून ठेवली. फ्लॉपीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं 'हेट'.

पुढे विंडोज ९५ सर्वत्र झालं आणि ग्रुप ही जात संपली. स्टार्ट मेनू म्हणजे डिस्कवरचं साधं फोल्डर, ग्रुप म्हणजे त्यातली पोटफोल्डरं, आणि आयकॉन म्हणजे प्रत्येकी एक शॉर्टकटची फाइल. जुने जीआरपी नव्या मेनूत ओतायला 'ग्रुपकन्व' नावाचा लहानसा प्रोग्रॅमही दिला होता. आणि रिसायकल बिन आला. शॉर्टकट उडाला तरी टोपलीत हात घालून परत काढता यायचा, टोपली रिकामी केली असली तरी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये जाऊन नवा बनवायला अर्धं मिनिट पुरे. माझ्या बारा वर्षांच्या हातांनी केलेलं नुकसान तिथे नुकसानच ठरलं नसतं.

लोकांची चूक मात्र उलटी झाली. मी आयकॉन गेला म्हणजे प्रोग्रॅम गेला समजत होते, आता लोक आयकॉन उडवून प्रोग्रॅम काढून टाकल्याच्या समाधानात राहायला लागले. विंडोज एक्सपीला शेवटी सांगावं लागलं, की शॉर्टकट काढल्याने फक्त आयकॉन जातो, प्रोग्रॅम जात नाही. तो निरोप किती जणांनी वाचला असेल? मी 'येस' दाबताना जेवढा वाचला होता तेवढाच.

गेली काही वर्षं नात्यातल्या, ओळखीतल्या सगळ्यांचे हरवलेले आयकॉन शोधून देणं हे माझं बिनपगारी काम आहे. एक गोष्ट मी पाहत आलेय. काय गेलं म्हणून विचारलं तर नाव कुणीच सांगत नाही. "इथे होतं बघ, खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जवळ." एकीने तर पडद्यावर बोट ठेवूनच धरलं होतं, मी येईपर्यंत जागा विसरू नये म्हणून. नावं यंत्राला लागतात. आपण जागेने शोधतो, अंधारात दिव्याचं बटण शोधतो तसं.

यातलं सगळ्यात जास्त वेळा हरवणारं म्हणजे एक्सपीच्या काळातलं 'शो डेस्कटॉप'. खालच्या पट्टीवर एवढंसं चित्र, त्यावर क्लिक केलं की सगळ्या खिडक्या खाली. ते चुकून उडालं की लोक हवालदिल व्हायचे, कारण तो शॉर्टकट नव्हता, त्याच्यामागे शोधायला कुठलाही प्रोग्रॅमच नव्हता. होत्या पाच ओळी. नोटपॅड उघडून त्या पाच ओळी हाताने लिहायच्या, फाइलच्या नावाला शेवटी 'एससीएफ' लावून जतन करायची, की जिवंत. मला त्या अजूनही पाठ आहेत. 'शेल' चौकटी कंसात, कमांड बरोबर २, मग आयकॉनसाठी एक्सप्लोररमधलं ३ क्रमांकाचं चित्र, मग 'टास्कबार' चौकटी कंसात, आणि शेवटी 'टॉगलडेस्कटॉप'. कविता पाठ असावी तशा. इतर बाबतींत माझी स्मरणशक्ती बेताचीच आहे.

आता परवाची गोष्ट. कपाट आवरताना (हो, आवरतानाच) 'हेट' लिहिलेली ती फ्लॉपी हाती लागली. मामाकडून माझ्याकडे कधी आली ते आठवत नाही. यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह एका मित्राकडून मिळवला. वाचली जाईल याची आशा नव्हती. ड्राइव्ह बराच वेळ कुरकुरला, पण फाइली आल्या.

माझ्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स आहे, जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आणि त्यात विंडोज ३.१ टाकलेलं आहे. 'खाते'ची जीआरपी फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये ठेवली. फाइल, न्यू, प्रोग्रॅम ग्रुप. नावाचा रकाना कोरा ठेवला आणि खालच्या रकान्यात त्या फाइलचा पत्ता लिहिला. तयार जीआरपी असेल तर प्रोग्रॅम मॅनेजर ती तशीच उचलतो. ओके.

आणि उघडलं की. वर चार, खाली तीन. पिवळसर, ते न कळणारं, आणि शेवटी लाल. माझ्या डिस्कवर मामाचा हिशेबाचा प्रोग्रॅम नाही, त्याची फोल्डरं नाहीत, ९४ नाही की ९६ नाही. पण चित्रं सगळी होती, कारण जीआरपी फाइल चित्राची आपली एक नक्कल पोटात ठेवते आणि प्रत्येकाची जागाही. मी लाल चित्रावर दोनदा क्लिक केलं. फाइल सापडत नाही, पत्ता बरोबर आहे का पाहा, असा निरोप आला. त्या संध्याकाळी धडे होते आणि अनुक्रमणिका नव्हती, आता हे बरोबर उलटं. 'प्रॉपर्टीज' उघडून पाहिलं तर वर्किंग डिरेक्टरीच्या रकान्यात मामाने घाबरून टाइप केलेला पत्ता.

पडद्याचा फोटो काढून मामाला पाठवला. तो आता सत्तरीच्या पुढे आहे, फोनवर मोठी अक्षरं करून वाचतो. पाच मिनिटांत फोन आला.

"अगं, हे कुठून काढलंस? चालतंय?"

"नाही रे. नुसती चित्रं आहेत."

"हो, ते असणारच. प्रोग्रॅम कुठला आता." जरा वेळ तो काही बोलला नाही, फोटो पाहत असावा. मग म्हणाला, "लाल चुकीच्या जागी आहे."

"काय?"

"९६ वरच्या ओळीत होतं. राईटच्या शेजारी. रोजचं काम ते, खाली कशाला ठेवीन मी?"

"पण मी शपथ घेतली होती!"

"घेतली होतीस ना. म्हणून तर ठेवलं तिथे."

"मग नंतर हलवायचं होतंस."

"चार दिवस हात चुकला," मामा म्हणाला. "मग सवय झाली."